केनियातील सफारी लॉज आणि गेंडा संवर्धन: एका रात्रीच्या भाड्याचे पुढे काय होते?

सफारी लॉज म्हणजे जंगलात किंवा जंगलालगत, वन्यप्राणी पाहायला येणाऱ्यांसाठी बांधलेले निवासस्थान. आफ्रिकेत अशी हजारो लॉज आहेत. त्यांतली काही लॉज आपल्या भाड्याचा एक भाग गेंड्यांच्या संरक्षणासाठी देतात. तेथील भाडे साधे नसते. हंगामात एका व्यक्तीच्या एका रात्रीसाठी अनेकशे डॉलर, तर काही ठिकाणी हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात. इतके पैसे घेणाऱ्या तंबूचा आणि गेंड्याच्या जगण्याचा संबंध कसा जुळतो, हे समजून घेण्यासाठी उत्तर केनियातील लेवा आणि त्याच्या आसपासची संवर्धन क्षेत्रे हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

लेवा एका दृष्टिक्षेपात

• स्थान: मेरू परगणा, केनिया, माउंट केनियाच्या उत्तरेला, विषुववृत्ताच्या किंचित वर
• क्षेत्र: सुमारे ६२,००० एकर, शेजारच्या बोराना क्षेत्रासह सुमारे ९३,००० एकर
• गेंडा अभयारण्याची सुरुवात: १९८३
• ना-नफा संस्था म्हणून स्थापना: १९९५
• जागतिक वारसा स्थळात समावेश: २०१३ (माउंट केनिया वारसा स्थळाचा विस्तार म्हणून)
• मुख्य प्राणी: काळा गेंडा, पांढरा गेंडा, ग्रेव्ही झेब्रा, हत्ती, सिंह

गेंड्यांवर ही वेळ का आली?

आफ्रिकेत गेंड्यांच्या दोन जाती आहेत. पांढरा गेंडा आकाराने मोठा, रुंद ओठांचा आणि गवत खाणारा. काळा गेंडा त्याहून लहान. त्याचा वरचा ओठ टोकदार असतो आणि त्या ओठाने तो झुडपांची पाने व डहाळ्या ओरबाडून खातो. नावे काळा-पांढरा अशी असली, तरी दोघांचाही रंग करडाच असतो.

१९७० च्या सुमारास आफ्रिकेत सुमारे ६५,००० काळे गेंडे होते. १९९५ पर्यंत ते अडीच हजारांच्याही खाली आले. केनियात तर सुमारे २०,००० गेंड्यांवरून संख्या १९८० च्या दशकात चारशेच्या खाली घसरली. कारण एकच, शिंग. गेंड्याचे शिंग केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांत आणि केसांत असलेल्याच पदार्थाचे बनलेले असते. तरीही येमेनमध्ये खंजिराच्या मुठींसाठी आणि पूर्व आशियात पारंपरिक औषधांसाठी त्याला प्रचंड किंमत मिळत होती.

गेंड्यांची संख्या लवकर भरूनही निघत नाही. काळ्या गेंड्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारे १५ महिन्यांचा असतो आणि दोन पिल्लांत साधारण अडीच ते चार वर्षांचे अंतर असते. चोरट्या शिकाऱ्यांनी एका रात्रीत मारलेल्या दोन माद्यांची जागा भरायला कळपाला कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे गेंडा वाचवायचा म्हणजे त्याच्यावर वर्षातले ३६५ दिवस, चोवीस तास पहारा ठेवायचा, एवढा एकच उपाय उरतो. पहाऱ्याला माणसे लागतात आणि माणसांना दरमहा पगार द्यावा लागतो.

गुरांचे कुरण ते गेंड्यांचे अभयारण्य

लेवा हे मुळात गुरांचे कुरण. १९२२ पासून ते एका ब्रिटिश वंशाच्या कुटुंबाकडे होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्या कुटुंबातील डेव्हिड आणि डेलिया क्रेग हे दांपत्य ते चालवत होते. याच सुमारास ॲना मर्झ या इंग्रज बाई केनियात राहत होत्या. त्या आधी बरीच वर्षे घानामध्ये राहिल्या होत्या. शिंगे कापून नेलेले गेंड्यांचे सांगाडे पाहून त्यांनी क्रेग कुटुंबाकडे थोडी जमीन मागितली. १९८३ मध्ये ५,००० एकरांचे कुंपण घातलेले न्गारे सेरगोई अभयारण्य उभे राहिले. खर्चाचा मोठा भार मर्झ यांनी स्वतः उचलला. उत्तर केनियात उरलेसुरले, एकाकी फिरणारे गेंडे पकडून तिथे आणले गेले. आईने टाकून दिलेले सामिया नावाचे गेंड्याचे पिल्लू मर्झ यांनी हाताने वाढवले.

पाच वर्षांत अभयारण्याचे क्षेत्र दुप्पट झाले. पुढे संपूर्ण कुरणच वन्यजीवांसाठी खुले करण्यात आले आणि १९९५ मध्ये लेवा वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ‘कॉन्झर्व्हन्सी’ हा शब्द केनियात सर्रास वापरला जातो. सरकारी राष्ट्रीय उद्यानाबाहेर, खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर वन्यजीवांसाठी राखलेले क्षेत्र, असा त्याचा अर्थ. २०१४ मध्ये लेवा आणि बोराना यांच्यामधले कुंपण काढून टाकण्यात आले. आज या जोडक्षेत्रात काळे आणि पांढरे मिळून दोनशेहून अधिक गेंडे आहेत. केनियातील एकूण काळ्या गेंड्यांची संख्याही आता पुन्हा हजाराच्या आसपास पोहोचली आहे.

येथे जन्मलेले गेंडे इतरत्रही गेले. २०१५ मध्ये सेरा या सामुदायिक क्षेत्रात दहा काळे गेंडे सोडण्यात आले. त्यांतले काही लेवाचे होते. २०२४ च्या सुरुवातीला लोइसाबा येथे २१ काळे गेंडे नेण्यात आले. तेही नैरोबी राष्ट्रीय उद्यान, ओल पेजेता आणि लेवा या तीन ठिकाणांहून. गेंड्यांचे स्थलांतर धोक्याचे काम असते. २०१८ मध्ये त्साव्हो पूर्व उद्यानात हलवलेल्या ११ काळ्या गेंड्यांपैकी एकही वाचला नाही. तिथल्या खाऱ्या पाण्याचा त्यात मोठा वाटा होता.

पर्यटनावरच भिस्त का?

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर पूर्ण बंदी घातली. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या देशांत मर्यादित, परवानाधारक शिकारीतून काही जमीनमालकांना उत्पन्न मिळते. केनियात तो मार्ग बंद आहे. शिवाय गेंडा कोणाच्याही जमिनीवर चरत असला, तरी तो सरकारचाच असतो. जमीनमालकाला तो विकता येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती राखणदारीची जबाबदारी आणि तिचा खर्च.

अशा परिस्थितीत जमीन कुरण किंवा शेत न करता गेंड्यासाठी मोकळी ठेवायची, तर तिने काहीतरी कमावले पाहिजे. ते काम लॉज करते. पर्यटकाला वाटते की आपण खोलीचे भाडे भरत आहोत. प्रत्यक्षात तो त्या खोलीभोवतालच्या हजारो एकर रिकाम्या जमिनीचे भाडेही भरत असतो. भाडे जास्त आणि पाहुणे मोजके, हे सूत्र त्यातूनच आले. थोड्या पाहुण्यांत खर्च निघाला, तर गाड्यांची गर्दी होत नाही, रस्ते कमी लागतात आणि प्राणी बिथरत नाहीत. याची दुसरी बाजूही स्पष्ट आहे. मध्यम उत्पन्नाच्या प्रवाशाला, आणि बहुसंख्य केनियन नागरिकांनाही, ही लॉज परवडत नाहीत.

पैसा कुठे खर्च होतो?

पाहुण्याच्या बिलात बहुधा दोन गोष्टी असतात. एक म्हणजे राहणे, जेवण आणि सफारीचा खर्च. दुसरे म्हणजे दर माणशी, दर रात्री आकारले जाणारे संवर्धन शुल्क. हे शुल्क थेट संवर्धन क्षेत्र चालवणाऱ्या संस्थेकडे जाते. त्याचे मुख्य खर्च असे:

• वनरक्षक: रोज पायी फिरून गेंड्यांची नोंद ठेवणारे रक्षक, सशस्त्र गस्ती पथके आणि माग काढणारी कुत्री. प्रत्येक गेंड्याच्या कानाच्या कडेला ठरावीक जागी खाचा पाडलेल्या असतात. त्यावरून रक्षक त्याला दुर्बिणीतूनही ओळखतात. एखादा गेंडा बरेच दिवस दिसला नाही, तर शोध सुरू होतो.

• नियंत्रण कक्ष: गस्ती पथके, वाहने आणि प्राण्यांच्या गळ्यातील कॉलर यांची माहिती इथे एका नकाशावर दिसते.

• कुंपण आणि मार्ग: गेंड्यांना आत ठेवायचे, पण हत्तींची वाट अडवायची नाही, हा पेच असतो. ओल पेजेता येथे कुंपणातल्या मोकळ्या जागांमध्ये आखूड खांब जवळजवळ रोवले आहेत. हत्ती, जिराफ त्यावरून किंवा त्यामधून जातात. जाडजूड, आखूड पायांच्या गेंड्याला मात्र ते ओलांडता येत नाहीत. लेवाला माउंट केनियाच्या जंगलाशी जोडण्यासाठी महामार्गाखालून हत्तींचा भुयारी मार्ग बांधला आहे. २०११ पासून हत्ती तो वापरत आहेत.

• शेजारची गावे: लेवा आसपासच्या वीसहून अधिक शाळांना मदत करते. दवाखाने, पाणी योजना आणि महिलांसाठी लघुकर्ज हीही कामे चालतात. यामागे हिशेब आहे. शिकारी टोळीला वाट दाखवणारा आणि टोळी आल्याची खबर देणारा, दोघेही शेजारच्या गावातलेच असतात. गावाला गेंड्यापासून काही मिळत असेल, तर खबर आधी रक्षकांपर्यंत पोहोचते.

तीन शेजारी, तीन पद्धती

लाइकिपिया-मेरू पट्ट्यात मालकीचे तीन वेगळे नमुने जवळजवळ पाहायला मिळतात.

लेवा येथे पूर्वीच्या खासगी कुरणाचे ना-नफा संस्थेत रूपांतर झाले. लेवा वाइल्डरनेस, लेवा सफारी कॅम्प, सिरिकोई, लेवा हाऊस आणि किफारू हाऊस ही तिथली निवासस्थाने आहेत. ‘किफारू’ म्हणजे स्वाहिलीत गेंडा.

ओल पेजेता हे नान्युकी गावाजवळचे सुमारे ९०,००० एकरांचे क्षेत्र. इथे महागड्या तंबूंबरोबर साधे तळ आहेत आणि तिकीट काढून एका दिवसापुरतेही जाता येते. जगातील शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे, नाजिन आणि तिची मुलगी फातू, इथेच राहतात. २००९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील प्राणिसंग्रहालयातून चार गेंडे इथे आणले होते. त्यांतला सुदान हा या उपजातीतला शेवटचा नर १९ मार्च २०१८ रोजी मरण पावला. साठवलेले शुक्राणू आणि फातूची अंडी यांपासून प्रयोगशाळेत गर्भ तयार करून ते दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीत रोवायचे, असा प्रयत्न सुरू आहे. या तंत्राने गेंड्यात पहिली गर्भधारणा साधल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. मात्र त्या प्रयोगात दक्षिणी पांढऱ्या गेंड्याचाच गर्भ वापरला होता.

इल न्ग्वेसी हे लेवाचे शेजारी. इथली जमीन आणि लॉज दोन्ही मासाई समाजाच्या सामूहिक मालकीची आहेत. लॉज १९९६ मध्ये सुरू झाले. खोल्या मोजक्याच आहेत आणि काम करणारे लोक त्याच समाजातले. उत्पन्न शिक्षण, आरोग्य आणि रक्षकांच्या पगारावर खर्च होते. २००२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

मुक्कामाचा दिवस कसा असतो?

पहाट होण्यापूर्वी चहा किंवा कॉफी तंबूवर येते. उजाडताना उघड्या जीपमधून पहिली फेरी निघते. गेंडे उन्हाच्या वेळी सावलीत आडवे होतात, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ याच पाहण्याच्या वेळा. ताडोबाला गेलेल्या मराठी पर्यटकाला इथे दोन फरक लगेच जाणवतात. प्रवेशद्वारावर जिप्सींची रांग नसते. आणि राष्ट्रीय उद्यानांत निषिद्ध असलेली रात्रीची सफारी किंवा सशस्त्र वाटाड्याबरोबरची पायी फेरी इथे करता येते.

पांढरा गेंडा मोकळ्या गवतात चरतो, म्हणून सहज दिसतो. काळा गेंडा झुडपांत राहतो, बुजरा आणि तापट असतो. त्याची दृष्टी कमजोर, पण नाक आणि कान तिखट असतात. म्हणून वाटाडे वाऱ्याची दिशा पाहूनच जवळ नेतात. तो दिसेलच, अशी हमी कोणीही प्रामाणिक वाटाड्या देत नाही. अनेक ठिकाणी पाहुण्यांना एक विनंती केली जाते: गेंड्याचे छायाचित्र टाकताना नेमके ठिकाण जाहीर करू नये, आणि मोबाइलमधील स्थाननोंद बंद ठेवावी. ती माहिती शिकारी टोळीच्याही उपयोगाची असते.

मर्यादा आणि वाद

पहिली मर्यादा म्हणजे हे उत्पन्न एका झटक्यात थांबू शकते. कोरोनाच्या साथीत केनियाने मार्च २०२० अखेरीस आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली. ती १ ऑगस्टला पुन्हा सुरू झाली. लॉज ओस पडली, पण गस्त थांबवता येण्यासारखी नव्हती. देणगीदारांच्या मदतीवर आणि काटकसरीवर ती चालू राहिली. त्या वर्षी केनियात गेंड्याची एकही शिकार झाली नाही, असे केनिया वन्यजीव सेवेने जाहीर केले. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. गेंडा वाचवण्याचा सगळा खर्च पर्यटनातून निघत नाही. चांगल्या वर्षांतही लेवासारख्या संस्थांना देणग्या लागतातच.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे आणि तो जुना आहे. वसाहतकाळात १९०४ आणि १९११ च्या करारांनी मासाई लोकांना लाइकिपियासह त्यांच्या चराऊ प्रदेशांतून हटवण्यात आले आणि ती जमीन गोऱ्या वसाहतकारांना मिळाली. आजची अनेक खासगी संवर्धन क्षेत्रे त्याच कुरणांवर उभी आहेत. दुष्काळात कुंपणाबाहेर गुरे मरत असताना आत गवत उभे दिसते, तेव्हा संघर्ष पेटतो. २०१७ च्या दुष्काळात हजारो गुरांसह पशुपालक लाइकिपियातील कुरणांत घुसले. हिंसाचार झाला, माणसे मेली, काही लॉज जाळली गेली. त्यामागे निवडणुकीचे राजकारणही होते. त्यानंतर ठरवून दिलेल्या जागी आणि वेळी शेजाऱ्यांची गुरे आत चरू देण्याच्या योजनांना अधिक महत्त्व आले. काही सामुदायिक क्षेत्रे स्थापन करताना लोकांची खरी संमती घेतली होती का, हा वाद न्यायालयांतही गेला आहे.

तिसरी मर्यादा यशातूनच येते. गेंडे वाढले की कुंपणातली जागा अपुरी पडते. नर एकमेकांशी लढून मरतात आणि माद्यांची वीण मंदावते. त्यामुळे नवी, सुरक्षित जमीन मिळवणे हे आता केनियातील गेंडा संवर्धनापुढचे मोठे काम आहे. ती जमीन बहुतांशी पशुपालक समाजांकडे आहे.

लॉज निवडताना काय विचारावे?

जाहिरातीत ‘इको’ आणि ‘संवर्धन’ हे शब्द कोणीही छापू शकतो. आरक्षणापूर्वी ई-मेलने पुढील प्रश्न विचारता येतात:

१. जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि लॉज त्या मालकाला किंवा समाजाला काय देते?
२. संवर्धन शुल्क बिलात वेगळे दाखवले जाते का? ते कोणत्या संस्थेला जाते?
३. ती संस्था वार्षिक अहवाल आणि जमाखर्च प्रसिद्ध करते का?
४. कर्मचाऱ्यांत आसपासच्या गावांतले किती? वाटाडे आणि व्यवस्थापक या जागांवर ते आहेत का?
५. पाहुणे आले नाहीत, तरी जमिनीचे ठरलेले पैसे मिळतात का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दर पाहुण्यामागे रक्कम ठरली असेल, तर मंदीचा फटका गावाला बसतो. वर्षाची किमान रक्कम करारात असेल, तर तो लॉज सोसते. बाळ सिंहांना कुरवाळण्याची किंवा प्राण्यांबरोबर सेल्फीची सोय देणारे ठिकाण टाळलेले बरे. त्याचा संवर्धनाशी संबंध नसतो.

भारतातून जाताना

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने लेवाच्या धावपट्टीवर साधारण तासाभरात पोहोचता येते. या विमानांत सामान सहसा १५ किलोपुरते आणि मऊ पिशवीतच चालते. रस्त्याने नान्युकीमार्गे चार-पाच तास लागतात.

केनियात जाण्यासाठी आधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. त्याहून अधिक लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि ती सरकारमान्य ठरावीक केंद्रांतच मिळते. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, त्यामुळे सामान बांधताना त्या काढून टाकाव्यात.

जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे महिने प्राणी पाहायला सोयीचे. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. तेव्हा दर उतरतात, पण काही लॉज बंद असतात. ठिकाण उंचावर असल्यामुळे पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच. शाकाहारी पाहुण्यांनी आधी कळवल्यास अडचण येत नाही. भारतीय वंशाच्या लोकांमुळे चपाती आणि समोसा हे पदार्थ केनियात केव्हाचे रुळले आहेत, आणि स्वाहिलीतही चपातीला ‘चपाती’च म्हणतात.